सुटली म्हन, आये

तानाबाईला शपथ घालायची सवय पोरपनापासनं. भाकरी उरली की "खा, तुला माझी शपथ." पावना उठाय लागला की "च्या घेतल्याबिगर उठलास तर बिरोबाची आन हाय." नवरा, गुंडा, तापाची गोळी घिना झाला तर त्येलाबी शपथ. आनि काम झालं की हसायची, म्हनायची, "सुटली." आपल्यात असंच असतंय की. ज्यानं शपथ घातली त्येनंच सुटली म्हनायचं, तवा मानूस मोकळा हुतो. न्हायतर ती मानंवर बसून ऱ्हाती, जू बसल्यागत. शेरातल्या लोकास्नी हे पोरखेळ वाटंल. पन ज्येच्या मानंवर ती बसती त्येला इच्यारा.

ही धनगराची मानसं. सांगोल्याकडच्या माळावरची वाडी, तितं पानी कमी आनि कुसळंच लई. पाऊस सरला की बकरी घिऊन भायेर पडायचं. कुना शेतकऱ्याच्या रानात चार रोज कळप बसवायचा, लेंडीखत त्येला, धान्य आपल्याला, मग फुडल्या रानात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आनि कोंबड्यांमागं पळत जोतिराम. एकुलता एक लेक. कुठलं कोकरू कुठल्या आयचं, ते पोरगं नुसत्या आवाजावरनं सांगायचं. जत्रंत गजी नाचाय हुभा ऱ्हायला की म्हातारी मानसं म्हनायची, "गुंड्याचं प्वार बघा रं, पाय कसा टाकतंय."

मग एका साली बकऱ्यांत रोग आला. आठ रोजात कळप निम्मा झाला. ऱ्हायलेला गुंडानं इकून टाकला. त्येचं गुडघंबी गेलं व्हतं, आनि निम्म्या कळपानं पोट भरत न्हाय. सोलापुरात, जुळे सोलापूरला, एक बिल्डिंग हुभी ऱ्हात व्हती, तितं रखवालदार पायजे व्हता. गेली समदी. बिल्डिंग झाली, फ्लॅटात पगारदार मानसं आली, गुंडा तितंच वॉचमन ऱ्हायला. पार्किंगमदी जिन्याखाली एक खोली दिली त्येंनी. तानाबाई वरच्या घरात भांडी घासाय लागली. जोतिराम गॅसच्या टेम्पोवर लागला. खांद्यावर सिलेंडर आनि चार चार मजलं. त्येचं लगीन केलं, करकंबची पोरगी, विजयमाला. तिला लेक झाली, सृष्टी. सृष्टी दोन वर्सांची व्हती तवा गुंडा गेला. गेटापाशी खुर्चीवर बसल्या बसल्या, भर दुपारी. लोक गाड्या काढत व्हते, घालत व्हते. समद्यास्नी वाटलं, झोपलाय.

जोतिराम बापाच्या मागं लई गप झाला. शेरात त्येला नावच न्हवतं की. "ए सिलेंडर, वर ये." "ए गॅसवाला, चप्पल भायेर काढ." वाडीत ज्येला धा कोसांवर नावानं वळखायचं, त्येला सा-सात वर्सांत एका मानसानं जोतिराम म्हनून हाक मारली न्हाय. आनि मग त्येला एक जन भेटला, ज्यो हाक मारायचा. फोन.

फोनात पत्त्याचा खेळ व्हता, पैसं लावून खेळायचा. टेम्पोच्या डायवरनं दावला. पैल्या रोजी जितला. फोनावर रंगीत फुलं उडाली आनि अक्षरं आली. जोतिराम चौथीपातूर शिकलेला, तरी त्येनं बायकूला दावलं. "माले, वाच की. काय लिवलंय?"

विजयमालानं वाचलं, "अभिनंदन, जोतिराम."

"परत वाच."

तिनं परत वाचलं. त्यो हसला. त्या रोजी त्येनं सृष्टीला झालरीचा फ्राक आनला, आयला पायातली चप्पल. तानाबाई चप्पल घालून अख्ख्या पार्किंगमदी फिरली.

त्येच्या फुडचं काय सांगायचं. पगार यायचा बंद झाला. पोरीचं पैंजन गेलं. एका सकाळी विजयमाला पानी भरत व्हती, पदर सरकला, तवा सासूला दिसलं. गळ्यात नुसतं काळं मनी.

"माले, डोरलं कुटं हाय?"

"पॉलिशला दिलंय."

"कवा?"

"आत्ती, इच्यारू नगा."

तानाबाईनं त्येच सांजेला लेकाला म्होरं बसवलं, शपथ घातली, "परत खेळलास तर माझं मेल्यालं त्वांड बगशील." ती चार रोज टिकली. तानाबाईला वाटलं, शपथ हलकी पडली. जनावर दावं तोडून पळतंय म्हंजे दावं मोठं पायजे. हा आजार असंल, असं तिच्या मनाला शिवलंबी न्हाय. वढाळ जनावराला बांदायचं, एवढंच तिला ठावं.

मग चैतात ती त्या तिगास्नी घिऊन वाडीला गेली, बिरोबाच्या देवळात. तितला पुजारी बिरप्पा, तिचाच थोरला भाऊ. हाडकुळा, डोईला मोठं पटकं, त्वांड फटकळ.

"काय ताने, शेरात जाऊन गॅस डोसक्यात गेला काय गं? सनावाराला आठवन न्हाय, आज चौघं?"

तिनं समदं सांगितलं. बिरप्पानं पटकं सोडून परत बांदलं. मग म्हनला, "बरं. उचलू दे भंडारा. सोताच्या नावानं उचलू दे."

"सोताची त्येला किंमत न्हाय दादा. पोरीच्या डोईवर हात ठिऊन उचलायचा."

"लेकरू मधी घालू नगं, ताने. लेकरू गहान टाकायचं नसतंय."

"तुमाला लेकरू न्हाय. तुमास्नी काय कळतंय त्येतलं?"

बिरप्पाला पोटी काय नव्हतं. बायकू त्येच दुक्कात गेलेली. त्येनं भंडाऱ्याची वाटी फुडं केली आनि भायेर जाऊन बसला.

विजयमाला म्हनली, "आत्ती, नगं." तानाबाईनं ऐकलं न्हाय. सृष्टी पाच वर्सांची. बापाच्या हातातला भंडारा तिच्या केसात सांडला, गुदगुल्या झाल्या, ती हसाय लागली. आनि तिच्या हसन्यात जोतिराम बोलला, आय सांगंल तसं, एक एक शबूद. फोनावर परत पैसं लावलं तर माझ्या लेकीचं बरं हुनार न्हाय.

यष्टीत येताना तानाबाईनं भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, समद्यास्नी वाटल्या. तिला वाटलं, झालं. जितली. जोतिराम खिडकीतनं भायेर बगत व्हता. शेंग त्येनं हातातच धरली व्हती.

पाळली त्येनं. खोटं कशाला बोला, लई नेटानं पाळली. चैत, वैशाख, अख्खा पावसाळा. रातीला कूस बदलायचा, उगंच पोरीवर खेकसायचा आनि मग तिला कवटाळून बसायचा. घरात एकानं इच्यारलं न्हाय, बाबा रं, तुला आतनं काय हुतंय. शपथ हाय न्हवं, मग काय इच्यारायचं? दसऱ्याच्या आदी एका दुपारी टेम्पो बंद पडला. चार तास सावलीला बसून व्हता. त्या चार तासांत तुटली. कुनाला कळलं न्हाय.

आनि तिसऱ्या रोजी सृष्टीला ताप भरला.

डेंगी व्हता. त्या साली गल्लोगल्ली डेंगीच व्हता, पार्किंगमदी डास म्हंजे मोहळ. वरच्या मजल्यावरची दोन पोरंबी दवाखान्यात व्हती. पन ते कोन बगतंय? सृष्टीला सरकारी दवाखान्यात ठिवलं, हातात सुई, व्हट कोरडं. विजयमाला उशाला. जोतिराम दवाखान्याच्या गेटापाशी च्याच्या गाड्याजवळ हुभा, दोन रोज. आत येईना. तानाबाई भायेर गेली, दंड धरून वढलं.

"बाप हायस का कोन? पोरगी बाबा बाबा करतीया."

"म्या आत आलो तर तिचं आनकी वाईट हुईल, आये."

"का?"

त्येनं वर बगितलं न्हाय. तवा तानाबाईला कळलं. ती गाड्याच्या बाकड्यावर बसली.

सृष्टी आठ रोजात बरी झाली. हसाय लागली, भांडाय लागली. बाप बरा झाला न्हाय. लेकीला मांडीवर घिना. ती फुडनं आली की हा मागनं जायचा. जेवायचा ते जिन्यावर बसून. आनि त्या रोजापासनं लईच खेळाय लागला. का, तर त्येच्या डोसक्यात असं बसलं, की आता शपथ तर मोडली, देवाचा दंड झाला. मोठा पैसा जितायचा, बिरोबाला बकरं द्यायचं, वाडीला जेवान घालायचं, मंजे दंड फिटंल. पाप फेडाय पाप करत व्हता बिचारा. हरला की दंड वाढला म्हनायचा. आनि परत खेळायचा.

सृष्टीच्या डागदरनंच सांगितलं, की असल्या खेळाचं खूळ काढायचाबी डागदर असतो हितं. विजयमाला नवऱ्याला घिऊन गेली. चांगला व्हता त्यो डागदर, तरनाताठा, वंगाळ बोलला न्हाय. पन त्येची भाषा पुस्तकातली. "तुम्हाला ताण जाणवतो का? दहापैकी किती?"

जोतिराम म्हनला, "धापैकी काय किती?"

मग एक कागद दिला, जवा जवा खेळावंसं वाटंल तवा तवा लिवायचं. मग एका खोलीत नेलं. तितं गोल खुर्च्या, त्येवर धा-बारा मानसं, शेरातली, शर्ट खोचलेली, एक एक जन हुभा ऱ्हाऊन आपली लाज सांगतोय. जोतिराम फरशीकडं बगत बसला आनि परत गेलाच न्हाय. म्हनला, "आये, घरातलं देवाम्होरं सांगावं, न्हायतर पंचाम्होरं. ती कोन मानसं? परक्यापुढं उगडं झाल्यागत वाटतंय."

त्याच दवाखान्यात अक्कम्मा व्हती. अक्कलकोटकडची, घरात कानडी, पन्नाशीची बाई. आदी नर्स, मग ह्येच कामाचं शिकलेली. तिनं बगितलं व्हतं, की खेड्याकडनं आलेली मानसं त्या खुर्च्यांवर एकदा बसत्यात आनि परत येत न्हाईत. मग तिनं बेस्तरवारी मागल्या अंगनात, लिंबाखाली सतरंजी टाकाय सुरवात केली. च्याची किटली. कानडी मानूस आला की "बर्री, कुंद्री," मराठी आला की "या, बसा." इनकरांच्या घरातल्या बायांसाठी तेलगू बोलनारी एक पोरगी संगट घ्यायची. आनि पैलं कदीच इच्यारायची न्हाय, की किती घालवलं.

विजयमालानं कसंबसं जोतिरामाला तितं नेलं. अक्कम्मानं च्या दिला.

"गाव कुठलं?"

त्येनं सांगितलं.

"धनगर का? मंग बकरी असतील की. किती व्हती?"

"शंबरावर."

"आनि म्होरकं कसलं व्हतं, काळं का बांडं?"

जोतिरामानं वर बगितलं. किती वर्सांत त्येला कुनी हे इच्यारलं न्हवतं. म्हनला, "बांडं. एक शिंग मोडल्यालं. त्येला म्या बाटलीनं दूद पाजलं व्हतं." आनि रडाय लागला. त्या रोजी त्यो दोन तास बोलला. फोन, हाक, भंडारा, पोरीचा ताप, समदं. चार बेस्तरवार गेला. खेळ थोडा कमी झाला, पन पोरीजवळ जाईना.

पाचव्या बेस्तरवारी अक्कम्मानं तानाबाईला बोलावलं.

"मावशी, ह्यो आजार हाय. शपथंनं जात न्हाय. त्येला बोलनं लागतंय, गोळी लागती, दिवस लागत्यात. मधी मधी मोडंलबी. मोडला म्हंजे पापी न्हवं. पन त्येच्या मानंवर जे बसलंय त्येचं औषध माझ्याकडं न्हाय. डेंगी डासानं झाला, हे म्या त्येला धा येळा सांगितलं. त्यो व्हय म्हनतो आनि पोरीपासनं लांब बसतो. शपथ तुमी घातली. तुमी सोडा."

"सोडली तर त्यो मोकाट सुटंल, अक्का."

"आता बांदलेला हाय का?"

तानाबाईनं पदर खोचला. म्हनली, "बगते."

बगते म्हनली खरी. पन तिच्या जिवाला वाटायचं, एवढी एकच दोरी हातात हाय. नवरा गेला, कळप गेला, गाव गेलं. ती सोडली तर ऱ्हायलं काय? आनि सुटली म्हनायचं मंजे आपन चुकलो, भावाम्होरं, सुनंम्होरं, हे कबूल करायचं. तीन अक्षरं, पन जिभंवर धोंडा.

संक्रांतीच्या दुसऱ्या रोजी, सकाळचं, ती पार्किंग झाडत व्हती; गुंडा गेल्यावर खोली ह्या झाडलोटीवरच ऱ्हायली व्हती. जोतिराम पान्याच्या टाकीपाशी बसलेला. म्हनला, "आये."

"काय?"

"सुटली म्हन."

तिनं झाडू थांबवला न्हाय. "आदी फोन हिकडं दे."

त्येनं फोन काढला, फरशीवर ठिवला. "घे. आता म्हन."

"तुझं खेळनं बंद हू दे. मग म्हनते."

"बंद झाल्यावर कशाला पायजे, आये? मला आता पायजे. पोरगी खोकली तरी म्या भायेर पळतोय."

"आता बरी हाय न्हवं ती?"

"आता हाय. फुडच्या टायमाला?"

"मग खेळू नगंस. सोपं हाय."

त्यो उठला. आयच्या म्होरं यिऊन हुभा ऱ्हायला. एवढा दांडगा गडी, सिलेंडर उचलून खांद्याला घट्टं पडलेला, आनि लेकरागत म्हनला, "आये, एकदा म्हन की गं."

तानाबाई म्हनली, "बाजूला हो, कचरा पायात येतोय."

फोन तितंच ऱ्हायला, फरशीवर. जोतिराम कामावर गेला. सांजेला आला न्हाय. दुसऱ्या रोजी एजन्सीवाल्यानं सांगितलं, युनिफॉर्म घडी करून ठिऊन गेलाय, कुटं ते ठाव न्हाय.

पोलिसात दिलं. यष्टी स्टँड, टेसन, समदं धुंडाळलं. विहिरी बगितल्या, तलाव बगितला. विजयमाला कुठलंबी मढं निगालं असं ऐकलं की जायची आनि बगून यायची. तानाबाईला नेईना. आनि तानाबाईबी चल म्हनायची न्हाय. खोलीच्या दारात बसायची, त्वांडातनं शबूद न्हाय. जी बाई अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी बोलायची, ती.

म्हैन्यानं ती एकटीच वाडीला गेली. बिरप्पा देवळात झाडत व्हता. तिनं काय सांगायच्या आदीच म्हनला, "कळलंय मला."

ती देवाम्होरं हुभी ऱ्हायली. "सुटली," म्हनली. "सुटली. सुटली." देवळात दुसरं कोन न्हाय, एक कुत्रं आनि ती दोघं.

"देवानं ऐकलं असंल," बिरप्पा म्हनला. "पन ज्येच्यावर घातली त्येच्या कानाव कुटं पडलंय? त्येनं ऐकाय पायजे."

"दादा, मी तुमास्नी त्या रोजी..."

"ऱ्हाऊ दे."

"लेकराचं बोलले मी."

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना, ताने." त्येनं झाडू ठिवला, खिशातनं फोन काढला. "आता रडत बसू नगंस. आपला गडी कळपाबिगर दुसरीकडं कुटं जाईल? धनगरांचं वाडं कुटं कुटं बसल्यात बगू."

मग त्येनं एकाला फोन लावला, त्येनं दुसऱ्याला. उसाच्या अंगाला बसलेल्या धनगरांस्नी, वेळापूरच्या माळावरल्यास्नी, तितनं फुडं कृष्णाकाठच्यास्नी. निरोप एकच. गुंड्याचा जोतिराम दिसला तर सांगा, आयनं सुटली म्हटलंय. रागवा नगा, धरा नगा, काय इच्यारू नगा. एवढंच सांगा. सोलापुरात अक्कम्माला हे कळलं तवा तिनं फकस्त एवढंच वाढवाय लावलं. पोरगी बरी हाय.

सा म्हैनं गेलं. सातवा लागला. निरोप फिरत ऱ्हायला, उत्तर न्हाय.

तानाबाई दर बेस्तरवारी लिंबाखाली जाऊन बसाय लागली. नवी बाई आली, म्हनली की नवऱ्याला देवाची शपथ घालते, न्हायतर लेकराच्या डोईवर हात ठेवाय लावते, की ही तिचा हात धरायची. "नगं बाई. म्या घातलीया." आनि सांगायची. तेच तेच सांगायची, दर येळी रडायची. बायांस्नी पटायचं. अक्कम्मा सांगून जे पटत न्हवतं ते हिच्या रडन्यानं पटायचं. विजयमाला संगट यायची, टावेलच्या कारखान्यातनं सुट्टी काढून. ती कडंला बसायची आनि गप ऱ्हायची.

भाद्रपदात एका दुपारी तानाबाई तिसऱ्या मजल्यावर भांडी घासत व्हती. कमरंचा फोन वाजला. साबनाच्या हातानंच उचलला. आवाज न्हाय. नुसता वारा, आनि लांब कुटंतरी बकरी वरडत व्हती. तिनं नळ बंद केला. कोन म्हनून इच्यारलं न्हाय.

"सुटली," म्हनली. "सुटली रं बाबा. सुटली."

पल्याड कोन तरी श्वास घेत व्हतं.

"माझं चुकलं. लेकरू मधी घालाय नगं व्हतं. डास चावला व्हता तिला, डास. तुझं काय न्हाय त्येत. ऐकतुयास न्हवं?"

मग आवाज आला. "साळंला जाती का?"

"जाती की. पैलीला हाय. दात पडल्यात फुडचं."

"बरं."

"जोतिराम, घरी ये."

तवर फोन बंद झाला. तिनं फ्लॅटातल्या पोरीकडनं त्योच नंबर परत लावून घेतला. दुसराच गडी बोलला, म्हातारा, कृष्णाकाठचा. म्हनला, "बकऱ्यास्नी पानी पाजाय गेला, मावशी. गडी चांगला हाय, बोलत न्हाय लई. सोताचा फोन ठेवत न्हाय, घिऊन दिला तरी नगं म्हनतो. आज लई दिसानं सोताहून मागितला. घरचं नाव काढलं की उठून जातो, म्हनून आमी काढत न्हाय."

तानाबाई भांडी तशीच टाकून तीन जिनं धावत खाली आली. विजयमाला कामावरनं आत्ताच आलेली, पाय धूत व्हती. तानाबाईनं तिला धरलं, समदं सांगितलं, हसत आनि रडत. "ऐकलं गं त्येनं! कानानं ऐकलं. आता यील. आज न्हाय उद्या यील."

विजयमालानं तांब्या खाली ठिवला. "माझं नाव काढलं त्येनी?"

तानाबाई पदरानं साबनाचं हात पुसाय लागली.

"इच्यारलं का, माली कशी हाय?"

"पोरीचं इच्यारलं की. म्हंजे तुझंच झालं."

"न्हाय आत्ती. पोरीचं ते पोरीचं." विजयमाला काय वरडली न्हाय. हळू बोलत व्हती, पाय पुसत. "तुमाला तुमचा लेक घावला. त्येला त्येची शपथ सुटली. म्या कोन? धा मढी बगून आले, आत्ती. दर येळी चादर वर करताना मनात म्हनायची, हाच असू दे, एकदा संपू दे. हे कुनाला सांगू? माहेरी सांगाय तुमी बंदी केली. डोरलं गेलं तवाच घातली व्हती न्हवं शपथ, ह्यातलं एक अक्षर करकंबला गेलं तर बग म्हनून? माझा बाप आजून समजतोय, जावई पुन्याला कामाला हाय. दिवाळीला धोतर घिऊन ठिवतोय त्येच्यासाठी."

तानाबाईला हे ध्यानातबी न्हवतं. इतक्या शपथा घातल्या आयुष्यात, ही एक कवा घातली, कवा इसरली. ती म्हनाय गेली, "अगं मग सुट..."

"ऱ्हाऊ द्या," विजयमाला म्हनली. "आता ते म्हनू नगा. मला बोलू द्या फकस्त."

पन त्या रोजी ती बोलली न्हाय. चूल पेटवली, भाकरी केल्या, पोरीला वाढलं.

फुडल्या बेस्तरवारी दोघी गेल्या, सृष्टी संगट. साळंला सुट्टी व्हती. लिंबाखाली सात-आठ बाया, चार गडी. अक्कम्मानं च्या वतला. सवयीनं समद्यांनी तानाबाईकडं बगितलं, की आता ही सांगंल. सांगाय तर एवढं मोठं व्हतं तिच्याकडं, फोन आलेला. पन विजयमाला कडंची उठून मधी यिऊन बसली. पदर नीट केला. म्हनली, "मला सांगायचंय."

अक्कम्मा म्हनली, "सांग की, माले."

विजयमालानं त्वांड उगडलं. मग तिची नजर सासूकडं गेली, आनि शबूद तितंच अडकला. परत सुरवात केली, परत सासूकडं बगितलं. बाया वाट बगत व्हत्या.

तानाबाई उठली. गुडघ्यावर हात ठिऊन, सावकाश. सृष्टीचं बोट धरलं आनि दवाखान्याच्या गेटापाशी कट्ट्यावर जाऊन बसली, सतरंजीकडं पाठ करून.

"आज्जी, आपन का उठलो?"

"आसंच."

मागनं विजयमालाचा आवाज यिऊ लागला. काय बोलती ते कळत न्हवतं, हितपातूर नुसता आवाज येत व्हता. आदी बारीक, थांबत थांबत, मग थांबायचाच बंद झाला.

"आय काय सांगतीया गं?"

"ठाव न्हाय, बाळा," तानाबाई म्हनली. "तिचं ती सांगतीया."

रिक्षा यित व्हत्या, जात व्हत्या. सृष्टीला भूक लागली, तिला बिस्कुटाचा पुडा घिऊन दिला. पुडा संपला. ऊन कट्ट्यावर आलं, दोघी सरकून सावलीला बसल्या. विजयमाला आजून बोलतच व्हती.